जोडवी सैल करून आणली

बायकोचे पाय सुजले आणि मी तिला सोनाराकडं नेलं. डॉक्टरकडं नाही, सोनाराकडं. हे आधीच लिहून टाकतो. पुढं कुणावर चिडलो तर पहिला कान माझाच धरलाय, एवढं ध्यानात असू द्या.

चांदीची जोडवी बोटांत रुतली होती. नवरा जिता असताना जोडवी काढायची नसतात, म्हणून बायको साबण लावून ती जरा हलवायची, पण काढायची नाही. सोनारानं पायाशी बसून पकडीनं ती फाकवली. म्हणाला, "काकू, सुनेच्या हातचं मानवलंय की तुमाला." ती हसली. मी पण हसलो. म्हटलं, "आता पाट बी मोठा करून आणावा लागंल." गल्लीतल्या बायका तर रोज म्हणायच्या, अंग धरलंय हो. जन्मभर काटकुळी राहिलेली बाई भरल्यासारखी दिसायला लागली तर कुणाला वाईट वाटतंय? नडगीवर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. तोही आम्ही बघितला होता. बघून जेवायला बसलो होतो.

थंडीत तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टर पोरगेला होता. कागदावरनं नजर न काढता म्हणाला, "अल्ब्युमिन फार कमी आहे."

"म्हंजे काय?"

"प्रोटीन हो, बाबा." आणि पुढच्या खाटेकडं गेला.

आठव्या दिवशी ती गेली. तेव्हा मात्र त्यानं मला व्हरांड्यात बसवून नीट सांगितलं, आजाराशी झुंजायला त्यांच्या अंगात काही उरलंच नव्हतं. माणूस गेल्यावर यांना मराठी सुचतं.

मी चौथी शिकलेला. बार्शीकडच्या गावातनं सोलापुरात आलो आणि जन्म चादरीच्या मागावर काढला. नात अकरावीला आहे, सायन्सला. तेरावं उरकल्यावर एका सकाळी ती मोठ्यानं पाठ करत बसली होती. पेशी, पेशीपटल, केंद्रक, प्रथिनं. मी म्हटलं, "थांब. प्रथिनं म्हंजे काय, मला कळंल असं सांग."

तिनं वहीत एक माळ काढली. "हे बारीक मणी, आबा. एकाला एक जोडायचे. अंगातली पेशी दिवसरात्र असल्या माळा करत असती. मांस त्याचंच, रोगाशी लढणारं बी त्याचंच. रक्तात एक असतंय, अल्ब्युमिन, ते पाणी रक्तातच धरून ठेवतं. ते कमी पडलं की पाणी बाहेर झिरपतं. मग पाय सुजतात."

हे म्हणताना तिनं आजीच्या फोटोकडं बघितलं. मग मीच विचारलं, "आणि मणी कुटनं येत्यात?"

"खाण्यातनं. डाळ, दूध, अंडी. काही मणी तर अंगाला करताच येत न्हाईत. खावेच लागतात."

माग मला कळतो. धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं, तरी माग चालू ठेवला तर धोटा नुसताच इकडनं तिकडं पळत राहतो, खडखड तीच, पण कापड निघत नाही. बाहेरच्याला आवाजावरनं वाटतं, काम जोरात आहे. आमच्या घरात तो आवाज किती वर्षं चालला होता कोण जाणे. भाकऱ्या थापल्या जात होत्या, धुणं वाळत होतं.

आमटीतली डाळ तळाला बसते. बायको पळी तळाला घालून घट्ट ते मला वाढायची, मग पोराला, मग नातीला. सगळ्यांचं झालं की मागनं सासूसुना बसायच्या. वरचं पिवळं पाणी, भाकरी, चिमूटभर शेंगाची चटणी. सोमवारी तेही नाही, नुसता साबुदाणा. कुठल्या देवानं सांगितलं होतं असं? आणि हे सगळं पोरांच्या पुस्तकात छापलेलं आहे, परीक्षेला येतं, मार्क पडतात. मग ते आमच्या चुलीपर्यंत यायला कुणाचे पाय मोडले होते? त्या डॉक्टरनं कागदावरनं नजर काढली नाही म्हणून मी अजून चिडतो. मी तरी माझ्या ताटावरनं कुठं काढली होती? आमटी झक्कास झालीय म्हणायचो, आणि उठायचो.

त्याच दुपारी सून वाढायला आली. पळी सरळ तळाला गेली.

"आमटी ढवळ," मी म्हटलं.

"काय झालं, मामा?"

"ढवळ. आन् तुजं ताट घे. आदी तुजं."

"तुमच्या आदी कसं बसू? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील अंग धरलंय. लोकांचं मला सांगू नगंस."

नात आतनं म्हणाली, "बस की गं आई. परीक्षेला हेच हाय."

सून काही बसेना. मग मीच पळी घेतली. जन्मात कधी धरली नव्हती, ढवळताना निम्मी चुलीवर सांडली. तिच्या ताटात वाढली. ती पदर सावरत बसली, एक घास घेतला आणि चोरी करताना सापडल्यासारखी माझ्याकडं बघत थांबली. मला असा राग आला, की तिच्यावर का स्वतःवर, सांगता येणार नाही. मी हटलो नाही. दुसरा घास जाईपर्यंत तिथंच उभा राहिलो.

मग माझी नजर तिच्या पायांकडं गेली. तिची जोडवी काटकुळ्या बोटांत सैल फिरत होती. मी आणखी एक पळी वाढली.