निकालाच्या दिवशी अक्का

नापास झालेल्या मुलीच्या घरी अक्का न बोलावता जात आणि तिला एकटीला समोर बसवून सरळ विचारत, "जीव नकोसा झालाय का गं?" बेंगळुरूच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवत. एकोणीसशे पन्नासच्या दशकाअखेरीस मी तिथे नवी शिक्षिका होते. मला तो प्रश्न भयंकर वाटे. एकदा मी म्हटले, "अक्का, अशाने नसते ते डोक्यात भरेल." त्या म्हणाल्या, "असेल तर आधीपासूनच असतं. विचारलं, म्हणजे एकटीला वाहावं लागत नाही."

एस.एस.एल.सी.चा, म्हणजे शालान्त परीक्षेचा, निकाल वर्तमानपत्रात बैठक क्रमांकांनी छापून येई. जे क्रमांक सापडत नसत, त्या मुलींच्या घरी आम्ही सकाळीच निघत असू. जयनगरातल्या एका वडिलांनी टोमणा मारला, "काय अक्का, नापासाचे पेढे खायला आलात?"

"पेढे नकोत, स्वल्प कॉफी चालेल. आणि आज हिला मार्क विचारू नका. जेवलीस का, एवढंच विचारा. हिला एकटी सोडू नका."

ती मुलगी रडत रडत जेवली. तिचा हुंदका थांबेपर्यंत अक्का तिथून हलल्या नाहीत.

वत्सला मात्र वर्गात नेहमी पहिली. वडील पाहुण्यांसमोर तिला 'आमच्या डॉक्टरीणबाई' म्हणत. परीक्षा संपल्यावर तिने कंपासपेटी, रंगीत पेन्सिली, आवडती शालसुद्धा मैत्रिणींना वाटून टाकली. अक्का कौतुकाने म्हणाल्या, "पोर मोठ्या मनाची झाली." निकालात तिचा क्रमांक पहिल्या नव्हे, दुसऱ्या श्रेणीत होता. मी वर्गाच्या यादीतल्या तिच्या नावावर बोट ठेवले. अक्का म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, पास आहे ना? पुढचं नाव बघ."

तिसऱ्या दिवशी वत्सलाने जीव दिल्याचे कळले. घरच्यांनी बाहेर ताप सांगितला होता. तिच्या आईने आम्हांला आतल्या खोलीत नेले आणि हलक्या आवाजात विचारले, "अक्का, नापास मुलींकडे गेलात. आमच्याकडे का नाही आलात?" परतताना अक्का एवढेच म्हणाल्या, "शाल दिली तेव्हाच विचारायला हवं होतं."

पुढच्या वर्षी त्यांनी पास-नापास असा भेदच ठेवला नाही. वर्गातल्या सर्वच मुलींकडे जायचे ठरवले. पास झालेल्यांच्या घरी त्या प्रश्नाने माणसे चिडली. एका दारातून उत्तर आले, "आमच्या मुलीला काय झालंय?" आणि दार लागले. दिवेलागण झाली तेव्हा अकरा घरे उरली होती. अक्का रस्त्याकडेच्या कठड्यावर टेकल्या आणि यादी माझ्यापुढे धरली.

"आता एकाच घरी जाणं होईल. कुठल्या, सांग."

मी अकराही नावे क्रमाने वाचली. प्रत्येक मुलगी मला वर्गात हसतानाच आठवत होती. मी पुन्हा पहिल्या नावापासून वाचू लागले.