बियरच्या पिंपाला गोधडी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण यीस्ट मला कुणी शिकवायला नको. चाळीस वर्षं कोल्हापुरात पावाच्या भट्टीवर काढली. पीठ फुगलं की नाही ते बोट लावून सांगायचो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण जर्मनीत डार्मश्टाटला लेकीकडं राहायला आल्यापासून या अकलेला कुणी विचारत नाही.

जावई इंजिनियर. त्यांनी केलरमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या तळघरातल्या आमच्या खोलीत, बियरचं वीस लिटरचं पिंप मांडलं. ऑफिसातले जर्मन त्यांना म्हणाले होते, तुम्ही मसाल्याचा चहा करा, बियर आमच्यावर सोडा. तेव्हापासून ऑफिसच्या ख्रिसमसच्या जेवणाला स्वतःची बियर न्यायचीच, असं यांनी डोक्यात घेतलं. पिंपाला बाहेरून एक पट्टी चिकटवलेली, तिच्यावर आतल्या उष्णतेचा आकडा उमटायचा. सोळा ते अठरा, त्याच्या वर जाता कामा नये. एवढ्यासाठी हा शिकलेला माणूस दिवसातून सहा वेळा जिने उतरायचा.

यीस्ट घातलं आणि दुसऱ्याच दिवशी नवरा-बायकोला कामासाठी बर्लिनला जावं लागलं.

"बाबा, फक्त आकडा बघायचा आणि फोनवर सांगायचा. हात लावायचा नाही," जावई म्हणाले.

"अहो, चाळीस वर्षं मी..."

"बाबा, हा पाव नाहीये," लेक म्हणाली. बापाला शिकवते!

खाली गेलो. आकडा सोळा. पिंप हाताला गार लागलं. आमच्याकडं थंडीत पिठावर पोती टाकायचो, नाहीतर पाव विटेसारखा व्हायचा. म्हटलं, यीस्ट ते यीस्ट. वरून गोधडी आणली, दोन फेरे गुंडाळली, सुतळीनं आवळली. फोनवर सोळा सांगितलं. तेव्हा सोळाच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर झाकणाच्या नळीतून फेस उसळून गोधडीवर ओघळत होता. सव्वीस! फुगलेलं पीठ भट्टीत गेलं की विषय संपतो. हे बेणं आत बसून स्वतःच तापत राहतं, हे मला सांगायला नको का कुणी? सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, ते सोडा. गोधडी ओढून काढली, ओले टॉवेल लपेटले, खिडकी उघडली, टेबलफॅन लावला. तेवढ्यात फोन.

"बाबा, किती?"

"अठरा."

तोंडातून निघून गेलं. खरे अठरा व्हायला संध्याकाळ उजाडली.

तीन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली. वास पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा, वर नेलपॉलिशचा. जावयांनी एक घोट घेतला आणि उरलेला ग्लास सिंकमध्ये ओतला. मग वही काढून बसले. दोन दिवस तेच. नळी नीट धुतली नाही का? पाणी चुकलं का? झाकण बदलू का? मला ऐकवेना.

"आकडे तर सगळे बरोबर आहेत," ते लेकीला म्हणाले. "म्हणजे दोष माझ्या हातातच आहे. ते लोक बरोबरच बोलले होते. विकून टाकतो पिंप."

घासून घासून बोटांची सालं काढलेला माणूस आणि म्हणे हातात दोष! डोकं सणकलं माझं. कुणावर, ते विचारू नका.

"सव्वीस झालं होतं," मी म्हणालो.

"कधी?"

"तुम्ही बर्लिनला होतात तेव्हा. गोधडी घातली होती मी."

"गोधडी?"

"दोन फेरे."

लेकीनं कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, अहो, मग फोनवर सांगायचं ना!"

"हसला असतात."

"मग आता काय करतोय?" जावई म्हणाले, आणि खरंच हसत होते. मला असा राग आला! बियर नासली, नाक कापलं गेलं, आणि हे दात काढतायत. वही माझ्यापुढं सरकवली. "तुमचा आकडा तुम्हीच दुरुस्त करा. कारणही लिहा."

अठरा खोडून सव्वीस लिहिलं. कारण लिहिताना 'गोधडी'तला ध दोनदा गिरवावा लागला.

ख्रिसमसला ते दुकानातली वाईन घेऊन गेले. काय ऐकून घेतलं ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. गेल्या आठवड्यात पिंप पुन्हा मांडलंय. ते ऑफिसात असताना मी खाली जातो, हात मागं बांधून आकडा वाचतो आणि फोन करतो.