फिट: एक शब्द की दोन?

सदरा अंगात चढवला की मास्तर मागून दोन्ही खांद्यांच्या शिवणी चिमटीत धरायचे, हलका झटका द्यायचे आणि म्हणायचे, "हात वर करा. आता खाली. आता कुणाला तरी मिठी मारल्यागत करा. हां. फिट हाय का?" गिऱ्हाईक "हो" म्हणालं तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. "तोंडानं न्हाय, खांद्यानं सांगा," म्हणायचे.

बेळगावच्या कॅम्पात एका बेकरीला लागून त्यांचं शिलाईचं दुकान होतं. दोन मशिनं, एक उभा आरसा, एक बाक. मी जवळच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि शाळा सुटली की त्या बाकावर टेकायचो. मास्तरांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. कानडी, हिंदी, मराठी या तिन्ही भाषांत ते गिऱ्हाइकाशी सहज बोलत. इंग्रजीतला मात्र एकच शब्द त्यांच्या रोजच्या कामाचा होता, आणि त्याच शब्दाचं त्यांना फार नवल होतं.

एका संध्याकाळी खानापूरकडचा एक तरुण धावत आला. "मास्तर, फौजेचं मेडिकल झालं. मी फिट!" तो जातोय तोवर शेजारचा प्लंबर टेकला. म्हणाला, बेसिन फिट करून आलो. मग विजार न्यायला आलेला एकजण सांगू लागला, भाऊबंदांनी मला उगाच केसमध्ये फिट केलंय. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"सर, ह्यो शब्द हाय का रोजगारी गडी? कुणीबी बोलवावं आणि ह्यानं कामाला जावं!"

पुढं हा त्यांचा छंदच झाला. मी दिसलो की नवा नमुना तयार असायचा. "काल एकजण पिऊन आलता. उभं ऱ्हायला येईना, आणि दोस्त म्हणतोय फुल्ल फिट हाय!" मी एकदा म्हणालो, आपल्या मराठीतही हौस फिटते, डोळ्यांचं पारणं फिटतं, पण ते फिटणं आपलं, निराळं. मास्तर कात्री थांबवून विचार करू लागले. "म्हंजे बघा, आपल्यात फिटलं की संपतंय. इंग्रजीत फिट झालं की घट्ट बसतंय." व्याकरणाच्या पुस्तकात मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

या शब्दाचा एक अर्थ मात्र त्यांनी कधी काढला नव्हता. तो मला एका दुपारी कळला.

त्यांची मुलगी सविता कॉलेज सुटल्यावर दुकानात काजं-बटणं करायला बसायची. आई लहानपणीच गेलेली. बापलेक दोघंच. त्या दुपारी बटण लावता लावता ती स्टुलावरून खाली कोसळली आणि तिचं अंग झटके देऊ लागलं. बेकरीतून माणसं धावली. कुणी कांदा आणा म्हणालं, कुणी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी न्यायला निघालं. मास्तर एरवी कधी आवाज चढवायचे नाहीत. "लांब व्हा! कुणी धरू नका तिला!" त्यांनी तिच्या डोक्याखाली घडी केलेलं कापड सारलं, जवळची कात्री लांब ढकलली, तिला हळूच कुशीवर वळवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसले. मिनिटाभरात झटके थांबले. ती शुद्धीवर येईपर्यंत ते तिच्या कानाशी एकच सांगत होते, "दुकानात हाईस बाळ. आप्पा हाय हितं."

चार दिवसांनी त्यांनी मला विचारलं. नेहमीसारखं हसत नाही.

"सर, फौजेत फिट म्हंजे चांगला. आणि माझ्या पोरीला येती ती बी फिटच. एकच शब्द हाय का दोन?"

इतकी वर्षं शिकवत होतो, पण हा प्रश्न कधी पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळेतला जाडा शब्दकोश पिशवीत घालून घेऊन गेलो. त्यात दोन निराळ्या नोंदी होत्या, एक आणि दोन असे आकडे घातलेल्या. मुळं वेगळी असावीत, असं जाणकार म्हणतात, एवढं मी सांगितलं. मास्तरांनी दोन्ही नोंदींवर एक एक बोट ठेवलं.

"म्हंजे स्पेलिंग एक, पण घरं वेगळी?"

"तसंच."

"बरं झालं. सविताला सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काय म्हणाली? मास्तर सुईत दोरा ओवत होते. "म्हणाली, आप्पा, मग मी दोन्ही हाय."

तिची पदवी झाली आणि स्थळं येऊ लागली. निपाणीकडचं पहिलं स्थळ चांगलं होतं, घरचा व्यापार. मास्तरांच्या बहिणीनं, म्हणजे सविताच्या आत्यानं, आधीच बजावलं होतं, "गोळ्या तेवढ्या कपाटात दडवून ठेव. लगीन झाल्यावर बघू." मला मास्तरांनी मुद्दाम बोलावलं होतं. चहाचे कप हातात गेले आणि ते म्हणाले, "पोरीला फिट येतात. गोळ्या चालू हायत. वर्ष झालं, आली न्हाय." मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. माणसं सभ्य होती, कळवतो म्हणाली आणि गेली. आत्यानं बोलणं टाकलं. पुढची दोन स्थळंही अशीच उठून गेली. तिसऱ्या वेळी सविता रडत म्हणाली, "आप्पा, आता दुकानावर बोर्डच लावा की!" त्या दिवशी मास्तरांनी मशिनला हात लावला नाही. मी बाकावर होतो. मला म्हणाले, "लपवून दिली आणि तिथं फिट आली, तर तिला कुशीवर कोण करंल, सर?"

मग गुंजीचा मुलगा आला. घरची शेती, आणि रोज रेल्वेनं बेळगावात कामाला येणारा. सोबत फक्त त्याची आई. मास्तर बोलायला तोंड उघडणार तोच सविता स्वतःच म्हणाली, "मला फिट येतात. माहीत असलेलं बरं."

आतापर्यंत सगळ्यांनी तेच तेच विचारलं होतं. कधीपासून, बरी होणार का, आईला होती का. या मुलानं जरा विचार करून विचारलं, "आली तर मी काय करायचं?"

मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं. मग उठले आणि आपण होऊन सतरंजीवर आडवे झाले. साठीचा माणूस, पांढरा सदरा घातलेला, पाहुण्यांच्या पायाशी! "या, बसा जवळ. समजा मी सविता. डोस्क्याखाली काय तर मऊ ठेवा. गळ्याचं बटण काढा. धरून ठेवायचं न्हाय. तोंडात काय घालायचं न्हाय, पाणी बी न्हाय. आता कुशीवर करा मला. असं न्हवं, गुडघा वाकवून. हां. आता घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना." मुलानं त्यांना एकदा वळवलं, दोनदा वळवलं. त्याची आई पुढं सरकून म्हणाली, "थांब रं, मला बी करू दे एकदा." सविता दाराला धरून हसत होती आणि डोळे पुसत होती.

मास्तरांना जाऊन आता वर्ष होत आलं. दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. परवा खडेबाजारात सविता भेटली, मुलीचा हात धरून. तिनं सांगितलं ते मला माहीत नव्हतं. लग्नानंतर आप्पा दर रविवारी गुंजीला यायचे आणि जाताना शेजारच्या एकेका घरात बसून फिट आली तर काय करायचं ते सगळं शिकवून जायचे. पुढं एकदा ती विहिरीवर फिट येऊन पडली. शुद्धीवर आली तेव्हा शेजारच्या तिघी भोवती बसलेल्या. एकीनं पदराची सावली धरलेली, एक म्हणत होती, "दीड मिनिट झालं फक्त. हिरीवर हाईस गं. आम्ही हाय हितं."

"आप्पांना फोन केला," सविता म्हणाली. "मला वाटलं, पहिल्या गाडीनं येतील. पण आले न्हाईत. रविवारीच आले. मी म्हटलं, आप्पा, आला न्हाईसा? तर म्हणाले, निघालोतो बाळ. चप्पल घातली, कुलूप हातात घेतलं, मग म्हटलं, तिघी हायत की तिथं, आणि परत मशिनवर जाऊन बसलो."