मोठ्या घरचं सपक वरण

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुम्ही बोलू नका. मी बोलणार आहे. माझा सासरा सपक खाणारा माणूस होता आणि सपक खाणाऱ्यांचा मला आजही राग येतो. ज्याचं पोट दुखतं, ज्याला वैद्याने पथ्य सांगितलंय, ज्याचे दात गेलेत, त्याने खुशाल मऊ भात खावा. पण धडधाकट माणूस चटणीकडे बघून नाक मुरडतो आणि वर ‘आम्हाला बाई साधंच आवडतं’ म्हणतो, तेव्हा त्याच्या त्या साधेपणापायी घरातल्या दुसऱ्या कोणाचं तरी तोंड बांधलेलं असतं. मी ते भोगलंय, म्हणून सांगते.

माझं माहेर बार्शीटाकळीकडचं. आमच्याकडे पोरगी नीट बोलायला लागायच्या आधी ठेचा चाटते. लग्न होऊन भातकुलीजवळ सासरी आले, तर तिथेही तीच रीत होती. विहिरीला लागून मिरचीचा वाफा होता, मोटेचं पहिलं पाणी त्याला जायचं. सासूला मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाई वाळल्या मिरच्या भाजायला बसल्या की शेजारचे शिंकत शिंकत शिव्या द्यायचे आणि संध्याकाळी वाटी घेऊन चटणी मागायला यायचे. पहिलं वर्ष सुखाचं गेलं.

मग कापसाचं वेड आलं. सात समुद्रापलीकडे कुठे लढाई लागली होती म्हणे, तिकडचा कापूस बंद पडला आणि आमच्या काळ्या मातीला भाव चढला. अमरावतीच्या वाटेवर गाडीमागे गाडी लागली. सासऱ्याने ज्वारीच्या वावरात कापसाची पऱ्हाटी लावली, तुरीच्या ओळींत पऱ्हाटी लावली, शेवटी विहिरीजवळचा वाफाही नांगरला. मी दाराआडून विचारलं, “मामाजी, आता मिरच्या कुठून आनाच्या?”

“कापूस घरी येऊ दे,” तो म्हणाला. “मंग तुले वाफाच काय, अख्खं वावर देतो मिरचीले.”

मिरची विकत आणायला तो पैसा सोडेना, त्यामुळे त्या दिवसापासून घरात तिखट बंद झालं. पण वाफा मोडला म्हणून सपक खातो, असं तो कबूल कसा करेल? नेमका तेव्हाच तो अमरावतीला कापसाच्या अडत्याकडे जेवून आला. तिथे वरणात गूळ, भातावर तूप, मिरचीचं नाव नाही. झालं! ओसरीवर बसून गावाला शहाणपण शिकवायला लागला, “तिखट म्हंजे गरिबाचं तूप. मोठ्या मानसाले सपकच गोड लागते.” अहो, अडत्याचं सपक तुपात पोहत होतं, आमचं पाण्यात! बडा घर, पोकळ वासा. कोणी शंका काढली की तो आत्याबाईकडे बोट दाखवायचा, “इले इचारा. इले तं सपकच आवडते.” ती बाई मान खाली घालून म्हणायची, “मले चालते.” मला तिचाही राग यायचा. माझ्या नवऱ्याचं तर विचारूच नका, तो बापापुढे मूग गिळून बसायचा.

तुम्ही कोरडी भाकर त्या पाण्यात बुडवून खाऊन बघा. घास तोंडात नुसता फिरतो, खाली उतरत नाही. दोन वेळा जेवायला बसायचं आणि अर्धपोटी उठायचं असं चाललं होतं. माझ्या अंगावरचं लुगडं ढिलं झालं. मी एकच धरून बसले होते, कापूस घरी येऊ दे, मग माझ्या ताटात मिरची येईल. भाऊबीजेला भाऊ येणार होता, त्याला मी आधीच निरोप धाडला की ओवाळणीत लुगडं नको, वाळल्या मिरच्या आण. त्याने पोतंभर आणल्या. त्या मी सरकीच्या ढिगाआड लपवल्या आणि आत्याबाईलाही सांगितलं नाही; भाजल्या असत्या तर वास लपला नसता.

वेचणी सुरू झाली. आमच्याकडची रीत अशी की वेचणाऱ्या बाया भाकर आपापली बांधून आणतात आणि भाकरीसोबत लागेल ते मालकाच्या घरून जातं. त्या साली सगळ्या शिवारात कापूस फुटला होता, बाया मिळत नव्हत्या, त्यामुळे त्यांचा तोरा मोठा होता. पहिल्या दिवशी मी वरणाचं भांडं घेऊन वावरात गेले. त्यांची म्होरकी एक आडव्या हाडाची म्हातारी होती. तिने हातावर वरण घेतलं, चाखलं आणि हात लुगड्याला पुसला.

“काय वो माय, हे वरन हाये का भांडे धुतलेलं पानी?”

 तिने भाकर परत फडक्यात बांधली. सगळ्या बाया उठल्या आणि धुरा, म्हणजे बांध, ओलांडून शेजारच्या वावरात गेल्या. सासरा मागून ओरडला, “जा, जा! भुका लागल्या म्हंजे येसान परत!” कोणी आलं नाही. बोंडं फुटून कापूस लोंबायला लागला आणि आभाळ भरून यायला लागलं. भिजला असता तर काळा पडला असता. त्या साली ज्वारीचा दाणा पिकवलेला नव्हता, सगळा भरवसा त्या कापसावर. तेव्हा कुठे तो माणूस चुलीपाशी आला.

“पोरी, काही कर वो.”

“मिरच्या हायेत माह्यापाशी,” मी म्हटलं. “पन कापूस घरी आला का वाफा मले परत पाह्यजे. आनि घरात तिखट झालं पाह्यजे.”

“देल्ला शब्द.”

शब्दावर विश्वास ठेवून मी पोतं काढलं. मिरच्या भाजल्या, लसूण आणि मीठ घालून कुटल्या, वरून जवसाचं तेल ओतलं. ठेचा वावरात नेला तसा वास धुऱ्यापलीकडे गेला आणि म्हातारी बाया घेऊन परत आली. मालकाच्या सुनेने वेचणाऱ्यांच्या पंगतीत बसायचं नाही, म्हणून मी नुसती वाढत राहिले. बाया सी सी करत खायच्या, पाणी प्यायच्या, हसायच्या आणि पुन्हा पदराची ओटी बांधून वेचायला लागायच्या. माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. घरी येऊन मी तेच वरण गिळायची, कारण पोतं वावरालाच पुरवायचं होतं. आभाळ फुटायच्या आधी कापूस घरात आला आणि पोत्यात देठं तेवढी उरली.

गाड्या अमरावतीला जाऊन आल्या. सासरा नवा जरीचा पटका बांधून ओसरीवर बसला. मी म्हटलं, “मामाजी, वाफा.”

“वाफ्यात पऱ्हाटीच लावतो पुढच्या सालीबी.”

“आनि शब्द?”

“वेचनाऱ्यांले ठेचा देऊ ना! बाजारातून मिरच्या आनू त्याह्यच्यासाठी. घरात सपकच राहीन.”

“काहून?”

तो हसला. रागावलाही नाही मेला. “अवं, थ्या बाया उठून दुसऱ्याच्या वावरात जातेत. तुमी कुठी जासान?”

गरज सरो, वैद्य मरो. माझा नवरा अंगणात बैलाला चारा घालत होता, त्याने मान वर केली नाही. आत्याबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी ऐकलं. मला एवढा संताप आला की हातातला तांब्या फेकून मारावासा वाटला. सपक कोणाला आवडतं ते मला त्या दिवशी कळलं. जो उठून जाऊ शकत नाही त्याला ते आवडतं असं लोक ठरवतात, आणि तोही बिचारा हो म्हणून मोकळा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकर फडक्यात बांधली, ओटीचं कापड कमरेला गुंडाळलं आणि घरातून निघाले. शेजाऱ्याच्या वावरात वेचणी अजून चालू होती आणि म्हातारीच्या बाया आता तिथे होत्या. घरंदाज सून दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाते, हे गावाने कधी पाहिलं नव्हतं. धुऱ्यापाशी पोचले तर मागे पाय वाजले. आत्याबाई होत्या, हातात त्यांचीही भाकर.

“तुमी काहून आल्या? घरी जा.”

“सर पुढं,” त्या म्हणाल्या.

दुपारी आम्ही दोघी बायांच्या पंगतीत बसलो. म्हातारीने दोघींच्या भाकरीवर ठेच्याचा गोळा ठेवला. आत्याबाईंनी पहिला घास घेतला तशी त्यांच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं. पदराने पुसायचं आणि पुढचा घास घ्यायचा. तेवढ्यात सासरा धुऱ्यावर आला. पटका सुटलेला, धाप लागलेली. पलीकडे पाय टाकायची हिंमत झाली नाही, तिथूनच ओरडला.

“ऊठ! चाल घरी! लोक काय म्हनतीन?”

 आत्याबाईंनी भाकर पुन्हा ठेच्यासाठी पुढे केली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, “थांबा. जेवून येते.”