दादा आणि मेन स्विच

दादाचा राग यायला मला कधी कारण लागलेलं नाही, पण त्या आठवड्यात त्याने ते रोज पुरवलं.

मुलुंडला आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर बाबांचे गणिताचे क्लासेस आहेत. बाबांचे गुडघे गेले तेव्हापासून शिकवते मी. दादा बँकेत. त्याला गणितात रस नाही, जागेत आहे. ती एखाद्या डॉक्टरला भाड्याने द्यावी म्हणून तो बाबांच्या मागे लागलेला. आणि चावी त्याच्याकडे, कारण थोरला तो. सकाळी कामावर जाताना क्लास उघडणार तो, संध्याकाळी कुलूप लावणार तो. मी मधल्या वेळेची.

क्लासमधले कॉम्प्युटर इतके जुने झाले होते की सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. मी रविवारभर बसून त्यांच्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली आणि सगळ्यांसाठी मिळून एक प्रिंटर वाय-फायवर जोडला. छान चालला. दादा म्हणाला, "फुकटातलं आहे ना, बघ किती टिकतं ते."

सकाळी प्रिंटर गायब. दिवा हिरवा, कागद भरलेला, आणि कॉम्प्युटर म्हणतो प्रिंटर सापडत नाही. मी तो काढून पुन्हा जोडला, चालला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दादा दारात उभा राहून सांगायचा, "बंद करून चालू कर ना." फ्रीज असो, मोबाईल असो, याच्याकडे औषध एकच.

शनिवारी दहावीचा सराव पेपर होता. कोपऱ्यावर झेरॉक्सला दिला की तो मुलांच्या मोबाईलवर आधी पोचतो, हा अनुभव घेऊन झाला होता. छापायचा तर इथेच. दादाने नेमकं तेच धरलं. "बाबा, शनिवारी पेपर नाही निघाला तर मान्य करा, हिला झेपत नाहीये. जागा मोकळी करू."

बाबा म्हणाले, "शनिवारी बघू." एवढंच.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम शेवटपर्यंत थांबले. दादाने सरस्वतीच्या फोटोला हात जोडले आणि मेन स्विच खाली ओढला. पूर्वी एकदा वायरिंग जळलं होतं, तेव्हापासून बाबांचा नियम आहे, मेन बंद केल्याशिवाय कुलूप नाही. लहानपणापासून हे इतक्या वेळा पाहिलं होतं की मला ते दिसतच नव्हतं. मेनबरोबर वाय-फायचा राऊटरही झोपत होता. सकाळी उठला की तो सगळ्या मशीनना नेटवर्कवरचे पत्ते नव्याने वाटायचा, आणि प्रिंटरला रोज वेगळा मिळायचा. माझे कॉम्प्युटर कालच्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत होते. रीडेव्हलपमेंटमुळे दुसरीकडे राहायला गेलेल्या माणसाच्या जुन्या बिल्डिंगमध्ये कुरिअर पाठवावं, तसं.

"उद्यापासून मेन बंद नको करूस," मी म्हटलं.

"बाबांचा नियम आहे."

"अरे, राऊटरपुरतं तरी चालू ठेव."

"मेन म्हणजे मेन."

बरं. मग मी त्याचा नादच सोडला. दुसऱ्या दिवशी राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन एक पत्ता कायमचा प्रिंटरच्या नावाने राखून ठेवला आणि सगळ्या कॉम्प्युटरना तोच दिला. शनिवारी सकाळी दादाने मेन चालू केला, मी बटण दाबलं, आणि पेपर निघायला लागले, एकामागून एक, गरम गरम.

बाबा काठी टेकत बघायला खाली आले होते. दादा त्यांना म्हणाला, "बघा, मी सांगतच होतो. बंद करून चालू केलं की होतं."

बाबांनी मान डोलावली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग ते दादाला म्हणाले, "सगळं नीट चालतंय तर चावी हिच्याकडेच देऊन टाक. तू कशाला दोन्ही वेळचा हेलपाटा मारतोस?"

म्हणजे मी काही केलं म्हणून नव्हे, दादाची दगदग वाचावी म्हणून क्लास माझा झाला. झाला ना पण. डॉक्टरचा विषय परत निघालेला नाही. संध्याकाळी मेन आता मी बंद करते, चांगला खाड्‌कन.

परवा दादा लॅपटॉप घेऊन क्लासमध्ये आला. त्याला काहीतरी छापायचं होतं. त्याच्या लॅपटॉपला तो प्रिंटर मी अजून जोडलेला नाही.

"सापडत नाहीये गं," तो म्हणाला.

मी पेपर तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "बंद करून चालू कर ना."