डार्ट-बंदुकीवरचा दिवा

जनावराला बेशुद्धीचं इंजेक्शन मारायच्या बंदुकीवर कुठला दिवा लावायचा, यावर आमच्या वनखात्याच्या पथकात प्रत्येकाचं मत होतं. पथकाची पशुवैद्य मी, बंदूक चालवायची मला, म्हणून चाललं माझंच. आमच्या वनरक्षक भाऊंनी डोळे दिपवणारा दिवा आणला होता. मी तो अंधाऱ्या गोदामात लावून पाहिला, तर चुन्याच्या भिंतीवरून सगळा उजेड उलट माझ्याच डोळ्यांत. तो परत केला आणि मंद, पिवळसर दिवा घेतला.

"म्याडम, एवढा मिणमिणता काऊन? बिबट दिसला पाह्यजे का नाई?"

"दिसला पाहिजे, भडकला नाही पाहिजे," मी म्हटलं. भाऊंचं तोंड वाकडंच राहिलं.

बसवलाही मीच. नळीखाली लावला असता तर बंदूक टेकवताना आपटला असता, म्हणून डाव्या बाजूला घेतला. पट्टीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, म्हणजे धक्क्याने सरकत नाही. बटण असं, की अंगठा दाबलेला असेपर्यंतच उजेड. पेंढा भरलेल्या पोत्यावर रिकामे डार्ट मारून पाहिले आणि पट्ट्या पुन्हा आवळल्या. एक गोष्ट मात्र सगळ्यांना बजावली: शोधायचं ते हातातल्या टॉर्चने. बंदुकीचा दिवा जिकडे वळतो, तिकडे नळीही वळते.

या उन्हाळ्यात जिवतीच्या डोंगरातल्या एका वस्तीवर भरदुपारी बिबट कोंबडीमागे धावत घरात शिरला. घरातली सून तेव्हा उंबऱ्याबाहेर होती. तिने दार ओढून घेतलं. बाहेरून कडी नव्हती, म्हणून आम्ही पोचेपर्यंत ती दाराची दोरी दोन्ही हातांनी धरून उभी होती. सासू आतच अडकली होती. आम्ही दारावर जाळं बांधलं, सुनेला अंगणात नेऊन बसवलं आणि मी शिडी लावून छपराची दोन कवेलू उचलली.

बाहेर डोळे भाजतील असं ऊन आणि आत काळोख. भाऊंनी वरून टॉर्च फिरवला. आजी माळ्याच्या कडेला अंग चोरून बसलेली, जिवंत. बिबट बरोबर तिच्या खाली, कणगीला चिकटून. मी बंदुकीचा दिवा लावला. पिवळं वर्तुळ बिबट्याच्या मांडीवर नीट पडलं, पण त्या वर्तुळाच्या काठावर आजीचा लोंबता पाय होता. बिबट्याचा डोस त्या म्हातारीच्या पायात गेला असता, तर ती पुन्हा उठली नसती.

"आजी, पाय वर घ्या," मी हळूच म्हटलं. पाय हलला नाही. पुन्हा सांगितलं, तरी नाही. मला रागच आला. इथे मी जीव मुठीत धरून शिडीवर उभी आणि हिला एवढं ऐकता येत नाही! मी उतरले, शिडी दुसऱ्या कोपऱ्याला लावली, तिथली कवेलू काढली. या बाजूने वर्तुळात नुसती मांडी होती. दिवा बघून बिबट्याने कान पाडले, पण जागा सोडली नाही. डार्ट नेमका बसला. मी भाऊंकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

बिबट पिंजऱ्यात गेल्यावर आजीला उतरवलं. तिने पाणी घेतलं तसं मी विचारलंच, "आजी, पाय वर घ्या म्हटलं, ते ऐकू आलं नाही का?"

"आयकू आलं नं बाई. पन म्या हाल्लो असतो तं थे बिचकून दाराकडं धावलं असतं. दार तं माह्या सुनेनं धरून ठेवलं होतं नं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. दारावर तेव्हा आमचं जाळं होतं आणि सून अंगणात सुखरूप बसली होती. हे आत ओरडून आजीला सांगावं, असं आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं.