मुकुटाचे पैसे

मी देवाला मानते, पण गप्प राहून मानणाऱ्यांतली मी नव्हे. एखादी गोष्ट पटली नाही की देव्हाऱ्यासमोर उभी राहून सरळ भांडते. आबा, म्हणजे माझे वडील, हसायचे आणि म्हणायचे, "अगो, देव आसा तो, सोसायटीचो सेक्रेटरी न्हय." आबा बोलत होते तोवरची ही गोष्ट. एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून निसटला आणि ते तसेच खुर्चीत कलंडले. झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. त्यानंतर मात्र भांडायचंही बळ माझ्यात राहिलं नाही.

हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेमने निभावलं. तिथून त्यांना बोरिवलीच्या एका रिहॅब सेंटरमध्ये हलवलं, कारण डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की रोजची फिजिओ आणि बोलण्याचे व्यायाम झाले तर माणूस उभा राहील, नाहीतर खाटेला खिळेल. पण सेंटरचा खर्च मेडिक्लेममध्ये बसत नाही, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. पहिला महिना कसाबसा काढला. माझ्या बांगड्या गहाण गेल्या, ह्यांनी ऑफिसातून उचल घेतली. आबा वॉकरला धरून दोन-चार पावलं टाकायला लागले होते आणि नेमका तेव्हा सेंटरच्या काउंटरवरून निरोप आला की पुढच्या महिन्याचे पैसे आठवड्याभरात भरा, नाहीतर पेशंटला घरी न्या. सांगणारी बाई उद्धट नव्हती, तिचं कामच ते. पण जिना उतरताना मी पुन्हा पुन्हा तोच हिशेब मांडत होते. आत्ता घरी नेलं तर केलेलं सगळं पाण्यात जाणार होतं.

आता पैसे नव्हतेच असं म्हटलं तर ते खोटं होईल. पैसे होते, आणि हीच तर माझी पंचाईत होती. गिरणी बंद पडल्यावर आबांनी गावच्या रवळनाथाला नवस केला होता: मुंबईत हक्काचं छप्पर मिळू दे, तुला चांदीचा मुकुट करीन. पुढे चारकोपला आमची खोली झाली. आबा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन म्हणून लागले आणि दर पगाराला मुकुटासाठी थोडे बाजूला टाकत गेले. पण चांदीचा भाव पुढे पळायचा आणि आबा त्याच्या मागे. अखेर ती रक्कम त्यांनी माझ्या आणि स्वतःच्या नावावर बँकेत ठेवली. आई आजारी पडली, माझं लग्न निघालं, तरी त्या पैशांना कुणी हात लावला नाही. आमच्याकडे देवाच्या नावाने काढलेलं ते देवाचं. घरातला माणूस उपाशी राहील, पण ते मोडणार नाही.

हे म्हणाले, "तुझी सही चालते ना? मग काढ की. देव काय मागायला येणार आहे?" मी असली भडकले की दोन दिवस धड बोलले नाही. राग खरं तर त्यांच्यावर नव्हता. तेच शब्द माझ्याही मनात येऊन गेले होते, म्हणून झोंबले. नवस आबांचा, पैसे आबांचे, आणि हो की नाही म्हणायला आबांकडे शब्दच नव्हते. एकदा त्यांच्या उशाशी बसून मी विचारलंही. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने चादर ओढत राहिले. मला त्यातून काहीच कळेना. बाहेर पॅसेजमध्ये जाऊन मी पदराने तोंड दाबून रडले.

तिथेच ती मावशी भेटली. खारदांड्याची कोळीण. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिचा नवरा आबांच्या बाजूच्याच खाटेवर होता. मासळी विकून झाली की टोपली खाली वॉचमनकडे ठेवून ती वर यायची. आमचं बोलणं तोवर "जेवलीस का" एवढंच. त्या दिवशी माझ्याजवळ बसकण मारून म्हणाली, "काय गो बाय, रडून बिल कमी करतात काय इथं?" मला रडता रडता हसू फुटलं आणि कसं कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं. मुकुट, नवस, आबांचं गप्प राहणं. तिने निवांत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पैसे देवाचे ना? मग नवऱ्याशी कशाला भांडतेस? ज्याचे आहेत त्याला विचार. तुम्ही कोकणातली माणसं, तुमच्यात कौल लावतात ना?"

लहानपणापासून पाहत आलेली गोष्ट, आणि माझ्या डोक्यात आली नव्हती. आमच्या गावी लग्न ठरवायचं असो की विहीर खणायची असो, आधी देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मोठ्याने देवाला सगळी हकिगत सांगतो. जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. मग उजवीकडची पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आमच्या मंडळाच्या गणपतीत चारकोपला गाऱ्हाणं घालायचा मान आबांचाच होता. त्यांचा आवाज चढला की पलीकडच्या सेक्टरमधून लोक डोकावायचे. मी मुलगी इतकी वर्षं त्यांच्यामागे उभी राहून "व्हय म्हाराजा" म्हणत होते आणि वेळ आल्यावर देवाला विचारायचं सोडून नवऱ्यावर डाफरत होते.

गावच्या गुरवकाकांना फोन लावला. ते आबांच्याच वयाचे. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फाल्या पूजेच्या टायमाक फोन कर. बापाशीच्या बाजूक बस. गाऱ्हाणा तेच्या नावान, तेव्हा व्हय म्हाराजा थयसूनच येवक व्हया. तेका बोलूक येणा नाय तर तू म्हण." म्हणजे आबांच्या वतीने उत्तर मी द्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सची परवानगी घेतली आणि फोनचा स्पीकर लावून तो आबांच्या उशाशी ठेवला. मावशीही नवऱ्याला पेज भरवता भरवता थांबली. पलीकडे घंटेचा आवाज आला, मग काकांचा खडा सूर. "बा देवा रवळनाथा, तुझ्या ह्या लेकरान तुझ्या मुकुटासाठी पैशे जमयले. तो आज मुंबयत अंथरुणार पडलो हा. ते पैशे तेच्या औषधपाण्याक लागूदेत की नको, ता तूच सांग म्हाराजा." एवढं बोलून ते थांबले. आता मी म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. शब्द फुटेना. काका तिकडे वाट बघत थांबलेले, फोनमधून नुसता वाऱ्याचा आवाज. मी घाबरले. उत्तर गेलं नाही तर गाऱ्हाणं मोडतं, असं आमच्यात मानतात.

आणि खाटेवरून आवाज आला. जड, वाकडा, पण आबांचा. "व्हय... म्हाराजा."

मी आबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे फोनवर होते आणि डावा हात कपाळाशी गेला होता. काकांनी पुढचं वाक्य घेतलं, "तेका परत पायार उभो कर म्हाराजा," आणि आबा पुन्हा म्हणाले, ह्या वेळी जरा स्वच्छ. मावशीने पेजेची वाटी खाली ठेवली आणि हात जोडले. मग पाकळी पडायची वाट बघणं आलं. मी आबांचा हात घट्ट धरून बसले होते. शेवटी काका म्हणाले, "उजवो दिल्यान गो. काड ते पैशे." आणि विचारलं, "मगाशी कोण बोललो? तुझो आवाज न्हय तो." मी डोळे पुसत होते. मावशीनेच फोनकडे वाकून सांगितलं, "हिचा बाप बोलला, काका."

बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या मॅडमना सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. म्हणाल्या, वर्षानुवर्षं तोंडात बसलेले शब्द कधीकधी असे आपोआप येतात, आपण आता त्यावरच काम करू. असेल तसं. मला त्यावर वाद घालायचा नाही. त्यांचंही खरं आणि माझंही खरं. ज्या घडीला मी गप्प झाले त्याच घडीला आबा बोलले, एवढंच मला माहीत आहे.

त्याच आठवड्यात पैसे काढले आणि भरले. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मी पण तेच सांगत होतो ना?" मी म्हटलं, "तुम्ही काढ म्हणालात, देवाने घे म्हटलं. फरक आहे." मावशीचा नवरा लवकरच घरी गेला. ते दोघं निघाले तेव्हा मी नेमकी औषधं आणायला गेले होते, त्यामुळे भेट चुकली. तिचं नावसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं. अजून बाजारात कुणी कोळीण "गो बाय" म्हणाली की मी वळून बघते.

पुढचे दोन महिने आबा सेंटरमध्येच राहिले. "व्हय"पासून सुरुवात झाली, मग "पाणी" आलं, मग माझं नाव. आज ते काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात आणि खालच्या पोरांवर अर्ध्या शब्दांत ओरडतात. मी पूर्वी समजत होते की आपण देवाला देतो. आबा इतकी वर्षं देवासाठी साठवत होते, आणि देव ते त्यांच्यासाठी राखत होता. मी नुसतं विचारायचं होतं आणि मग तो सांगेल ते ऐकायचं होतं. एवढ्यासाठी मी काय जिवाचा आटापिटा केला.

गेल्या महिन्यात माझा पगार झाला तेव्हा थोडे पैसे वेगळे काढून देव्हाऱ्यात ठेवले. आबा मागे खुर्चीत बसले होते. मी हात जोडून म्हटलं, "देवा, मुकुट राहिलाय, लक्षात आहे. जमेल तसा करू." मग मी थांबले. घाई केली नाही. मागून उत्तर आलं, हळू पण पूर्ण.

"व्हय म्हाराजा."